सांगलीला पुरते तेवढी

कोल्हापुरातल्या एका तालमीनं इमारतीवर दुसरा मजला चढवला, कारण समोरच्या तालमीनं चढवला होता. दुसऱ्या मजल्यावर जायला जिना नव्हता. घाईत जिना कुणाच्या लक्षातच आला नाही.

•

नळीत आधी ॲसिड. मग दूध, कडेकडेनं, हळू. मग बूच. हलवताना नळी तोंडासमोर धरायची नाही.

•

"मेमरी किलोवर मिळती व्हय?"

•

गगनबावड्यात पावसाळाभर कपडे वाळत नाहीत. बायका ते चुलीवर धरतात आणि माणसं धुराचा वास अंगावर घालून हिंडतात.

•

तात्या आपल्या डाव्या हाताला 'पावणं' म्हणतात. अर्धांगाचा झटका आला तेव्हापासून तो हात मांडीवर पडून असतो. "आमचं पावणं आज पण उठलं न्हाईत," असं ते सकाळी सांगतात. जीभ जड झाली आहे, त्यामुळे हे कळायला ऐकणाऱ्याला सवय लागते.

•

तोंडानं पुटपुटत गुणाकार करणाऱ्या पाच बायका एका टेबलाशी बसल्या की बाहेरून जाणाऱ्याला वाटतं, आत पोथी चालली आहे.

कोण

ते टेबल श्री धुळोबा सहकारी दूध संघाच्या ऑफिसातलं. ऑफिस कोल्हापुरात, कावळा नाक्याजवळ. गावोगावच्या संस्था सकाळ-संध्याकाळ संघाला दूध घालायच्या. कुठल्या संस्थेचं दूध किती लिटर, त्याला फॅट किती लागली, त्यावर दर किती, हे सगळं दर दहा दिवसांनी जुळवून बिलं निघायची. जुळवायचं काम तक्ता विभागाचं. तक्ता विभाग म्हणजे त्या पाच बायका. चौघी रोजंदारीवर, आणि कायम नोकरीतली एकटी कालिंदी.

कालिंदीचा नवरा संघाचा टँकर चालवायचा. तो गेल्यावर संघानं तिला नोकरी दिली. घरात आता ती, सासरे म्हणजे तात्या, आणि धाकटा दीर नृसिंह. नृसिंहही संघातच होता, अकाउंटला. त्याला सगळे नरसू म्हणायचे.

तात्यांना भरवायचं, उठवायचं, न्हाणीत न्यायचं, ते कालिंदीनं. घर सदर बाजारात. दुपारच्या सुट्टीत ती झपाझप चालत घरी यायची, तात्यांना चार घास भरवायची आणि तोंड पुसून परत जायची. दुसऱ्या कुणाच्या हातून तात्या खात नसत. घास गालात धरून बसत. ऑफिस चालत जाण्याइतकं जवळ होतं, म्हणून ते घर चाललं होतं.

किती

एकोणीसशे अठ्ठ्याऐंशी साली संघानं संगणक घ्यायचं ठरवलं आणि नृसिंहला पुण्याला शिकायला पाठवलं. तो परत आला तेव्हा यंत्र कुठलं घ्यायचं हे ठरलेलंच होतं. प्रश्न एकच उरला होता. मेमरी किती? दोनशे छप्पन्न की सहाशे चाळीस?

कालिंदी पोळ्या लाटत होती. नृसिंहनं तिला पोळपाटावरच समजावलं.

"हा पोळपाट म्हंजे मेमरी, वैनी. डब्यात पीठ ढीगभर असू दे. एका वेळी लाटता येतंय ते पोळपाटाएवढंच."

"मग मोठा घ्या की. दोघी बसतील लाटायला."

"मोठा घेतला की कुणीच बसत न्हाय."

तिचं लाटणं थांबलं.

त्यानं सांगितलं ते असं. दोनशे छप्पन्न घेतली तर करवीर, हातकणंगले, शिरोळ, कागल असे पूर्वेकडचे तालुके यंत्रात बसतील. पन्हाळा, शाहूवाडी, गगनबावडा बाहेर राहतील. डोंगरातल्या त्या बारक्या बारक्या संस्थांचे तक्ते पूर्वीसारखे हातानंच करावे लागतील. म्हणजे टेबल राहील. सहाशे चाळीस घेतली तर सगळा जिल्हा एका दमात बसेल आणि टेबल उचलून गोदामात जाईल.

"आणि मी?"

"तुमी कायम हाय. तुमाला काढत न्हाईत. बदली करत्यात."

"कुठं?"

नृसिंहनं तव्यावरची पोळी उलटली. ते काम त्याचं नव्हतं. संघात मोकळी जागा कायम असायची ती गगनबावड्याच्या शीतकरण केंद्रावर. तिथं गेलेला माणूस पहिला पाऊस काढायचा आणि दुसऱ्याच्या आत वशिला लावून खाली यायचा.

बाहेरच्या खोलीत तात्या खोकले. कालिंदीनं तिकडं पाहिलं.

"मग लहानच घ्यायला सांगा, भावजी."

"सांगणार हाय की. लहान पुरती पण. खोटं काय बोलावं लागत न्हाय त्यात."

दाढी

संचालकांच्या बैठकीच्या दिवशी सकाळी नृसिंह तात्यांची दाढी करत होता. तो खुशीत होता. आदल्या दिवशी यंत्र विकणारा पुण्याचा माणूस मुक्कामाला आला होता, आणि स्टँडसमोर चहा पिताना सहज म्हणाला होता, "सांगलीच्या संघानेही आमच्याकडूनच घेतलाय. दोनशे छप्पन्न. मजेत चाललंय त्यांचं."

नृसिंहची सगळी नोकरी कचेरीत गेली होती. कचेरीत दाखला दिला की सही होते, हे त्याला पक्कं माहीत होतं. कुणीतरी आधी केलेलं आहे असं दाखवलं की वरचा माणूस घाबरत नाही. सांगली म्हणजे आयता दाखला.

बैठकीत चेअरमन आबांपुढं काय बोलायचं ते त्यानं तात्यांवर म्हणून पाहिलं. गालांचं होईपर्यंत यंत्राबद्दल बोलला. मग तात्यांचं नाक चिमटीत धरून वरच्या ओठावर वस्तरा ठेवला आणि म्हणाला, "आणि शेवटाला सांगायचं, आबा, सांगलीनं पण दोनशे छप्पन्नच घेतलीय. झालं काम."

तात्यांचा उजवा हात एकदम वर गेला.

"हलू नका."

हात वरच.

"साबण गेला व्हय डोळ्यात?" नृसिंहनं टॉवेलाच्या टोकानं त्यांचे डोळे पुसले. तात्यांनी डोळे गच्च मिटून घेतले. हात खाली आला नाही.

तात्या मूळचे पेठेतले. जिना नसलेल्या त्या दुसऱ्या मजल्याच्या विटा त्यांनी स्वतः खांद्यावरून वाहिल्या होत्या.

"भावजी, दहा वाजत आले," आतून कालिंदी म्हणाली.

नृसिंहनं गळा घाईघाईत उरकला, तोंड पुसलं, शर्ट अडकवला. तो सायकल काढत असताना तात्यांची जीभ एकदाची सुटली. "नरसू! सांग... सांगली..."

"व्हय व्हय! संध्याकाळी लवकर येतो!" नृसिंह ओरडला आणि गेला.

ते वाक्य

"आणि आबा, सांगलीच्या संघानं पण दोनशे छप्पन्नच घेतलीय. त्यांना पुरते."

त्या वाक्याच्या आधी

त्या वाक्याच्या आधी बैठक अशी झाली.

चेअरमन हंबीरराव मधल्या खुर्चीत. त्यांना सगळे आबा म्हणत. एका बाजूला कागलचे संचालक बाळासो, दुसऱ्या बाजूला पन्हाळ्याचे आकाराम. टेबलाच्या टोकाला सेक्रेटरी. पुण्याचा माणूस बॅग मांडीवर घेऊन बसला होता. नृसिंह उभा.

"पावणं," हंबीरराव पुण्याच्या माणसाला म्हणाले, "मेमरी म्हंजे नेमकं काय ते आदी सांगा."

"स्मरणशक्ती. यंत्राची स्मरणशक्ती."

"आणि हे दोनशे छप्पन्न काय?"

"के. म्हणजे किलोबाइट."

"किलो?" बाळासो पुढं सरकले. "मेमरी किलोवर मिळती व्हय? आमी दूधवाली माणसं. आमाला लिटरवर द्या."

आकाराम म्हणाले, "बारकीच घ्या आणि रोज बदाम चारा. वाढंल आपोआप."

"गप रं, आकाराम. नरसू, तू शिकून आलायस. किती पायजे?"

"दोनशे छप्पन्न पुरे, आबा."

"साहेब, भविष्याचा विचार केला तर..." पुण्याचा माणूस सुरू झाला.

"भविष्य आमचं आमी बघतो, पावणं. तुमी च्या घ्या."

बाळासो हसले. "त्येची वैनी तक्त्यात हाय, आबा. म्हणून बारकी मागतोय त्यो."

नृसिंहचे कान तापले. हंबीररावांनी त्याच्याकडं नीट पाहिलं.

"असंल. घर सगळ्यास्नी हाय. पर पोरगं खोटं बोलत न्हाय. पावणं, पुढं लागली तर वरनं घालता येती न्हवं?"

"येते की. केव्हाही."

"मग झालं. दोनशे छप्पन्न. लिवा."

सेक्रेटरीनं लिहिलं. बैठक संपली होती. आकारामांनी टोपी उचलली होती. कालिंदीचं टेबल जागेवर राहिलं होतं. नृसिंहनं फक्त गप्प राहायचं होतं.

पण वहिनीवरून मारलेला टोमणा त्याच्या कानात वाजत होता. आपण वहिनीसाठी मागितलं नाही, हिशेबानं मागितलं, हे त्याला बाळासोंना दाखवायचं होतं. आणि सकाळपासून घोकलेलं एक वाक्य अजून शिल्लक होतं.

त्या वाक्यानंतर

हंबीररावांनी बशी खाली ठेवली.

"किती घेतलीय सांगलीनं?"

"दोनशे छप्पन्न." नृसिंहचा आवाज आता बारीक झाला होता.

"आणि आमी?"

उत्तर त्यांनीच दिलं.

"आमी पण दोनशे छप्पन्न. म्हंजे उद्या लग्नात त्यांचा चेअरमन भेटला तर माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणणार, काय हंबीरराव, बरोबरीत आलासा."

"बरोबरीत कुठलं, आबा," बाळासो म्हणाले. "मागनं. त्यांनी आदी घेतलाय."

"व्हय. मागनं."

आकारामांनी टोपी परत टेबलावर ठेवली. "हळद त्यांची, द्राक्षं त्यांची, आता मेमरी पण त्यांचीच व्हय?"

"पावणं, जास्तीत जास्त किती हुती?"

"सहाशे चाळीस."

"त्येच्या वर?"

"त्याच्या वर होत नाही, साहेब."

"जगात?"

"या यंत्रात."

"घाला."

"आबा, एवढी लागणार न्हाय," नृसिंह म्हणाला. "खरंच न्हाय लागणार."

"लागायचा सवालच न्हाय, नरसू," हंबीरराव म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. ते त्याला समजावत होते.

सेक्रेटरीनं आकडा खोडून वर नवा घातला. पुण्याच्या माणसानं चहा संपवला.

संध्याकाळ

नृसिंह खरंच लवकर घरी आला.

"काढलंस?" तात्यांनी विचारलं. "सांगलीचं नाव काढलंस?"

"काढलं."

"मुडद्या. मी हात वर केलता."

"मला वाटलं साबण गेला डोळ्यात."

"साबण!" तात्या एक एक शब्द ओढून काढत होते. "लेका, कोल्हापूरच्या माणसाला थांबवायला सांगलीचं नाव काढत न्हाईत. पळवायला काढत्यात. हितं जन्मलास, हितं वाढलास, आणि पुण्याला जाऊन तेवढं इसरून आलास."

कालिंदी ताटं मांडत होती. ऑफिसातल्या शिपायानं तिला दुपारीच सगळं सांगितलं होतं, बाळासोंच्या आवाजासकट. तात्यांच्या शेजारी बसून तिनं घास केला.

"मी अर्धीच वापरणार," नृसिंह म्हणाला. "घेऊ देत किती पण. यंत्रात काय घालायचं ते माझ्या हातात हाय. पन्हाळा, शाहूवाडी, गगनबावडा घालतच न्हाय. कुणाला कळतंय?"

"जेवून घ्या आदी," कालिंदी म्हणाली.

भरली का

यंत्र आलं. त्याच्यासाठी खोली थंड केली. हंबीररावांनी बाहेर चपला काढल्या, म्हणून पुढं सगळेच काढू लागले. नृसिंहनं पूर्वेकडचे तालुके घातले. पश्चिमेकडचे तक्ते टेबलावरच राहिले, आणि भिंतीपलीकडची पुटपुट त्याला थंड खोलीत ऐकू येत राहिली. ती ऐकू आली की तो निर्धास्त असायचा.

दर बिलाला हंबीरराव दारातून डोकावायचे.

"भरली का?"

पाण्याची टाकी भरली का विचारावं तसं. मेमरी विकत घेतली म्हणजे ती भरायची असते, याबद्दल त्यांच्या मनात शंका नव्हती.

"भरतीय, आबा."

हिवाळा गेला. लग्नसराई आली. एका लग्नाहून परतताना हंबीरराव मोटारभर पाहुणे घेऊन यंत्र दाखवायला आले. त्याच दिवशी पुण्याहून कंपनीचा एक तरुण इंजिनिअर दुरुस्तीला आला होता. फेटेवाले यंत्राभोवती अनवाणी उभे राहिले.

"सहाशे चाळीस," हंबीरराव यंत्राच्या पाठीवर थाप मारून म्हणाले. "सांगलीकडं दोनशे छप्पन्न हाय."

"सगळी लागती?" एका फेटेवाल्यानं विचारलं.

नृसिंह तोंड उघडणार तेवढ्यात इंजिनिअरनं स्क्रू पिळता पिळता उत्तर दिलं. "छे. निम्म्याहून जास्त रिकामीच आहे."

हंबीरराव पाहुण्यांसमोर हसले. पाहुणे गेल्यावर परत आले. बाळासो बरोबर होते.

"मोकळी हाय?"

"पुढं लागंल, आबा."

"कवा? एवढी म्हैस आणली आणि तू ती नुसती दावणीला उभी केलीस व्हय? पावण्यांत शोभा झाली माझी. भर ती."

"कशानं भरू, आबा?"

"काय ऱ्हायलंय भाईर?"

भिंतीपलीकडून पुटपुट येत होती. बाळासोंनी भिंतीकडं मान वळवली.

"पन्हाळा," ते म्हणाले. "शाहूवाडी. गगनबावडा."

ओटी

रोजंदारीवरच्या चौघींना संघानं खणा-नारळानं ओटी भरून घरी पाठवलं. हंबीररावांची तशी पद्धत होती. बाईमाणसाला मोकळ्या हातानं पाठवायचं नाही.

कालिंदीला त्यांनी समोर बसवून घेतलं.

"तुला बढतीच समज, पोरी. गगनबावड्याला फॅट टेस्टर म्हणून जायाचं. सकाळी-संध्याकाळी दुधाची फॅट काढायची. तुला काय अवघड हाय? फॅटचं सगळं तुला म्हाईतच हाय की."

"आबा, घरात तात्या हायत."

"हायत की. नरसू हाय. शेजारपाजार हाय. आणि जरा दम धर, पावसाळ्यानंतर बघू."

कालिंदीनं इतकी वर्षं फॅट लिहिली होती. सहा-दोन, सहा-पाच, सात. ती काढतात कशी हे तिनं कधी पाहिलं नव्हतं. हंबीररावांना हा फरक माहीत नव्हता असं नाही. त्या वेळी तो त्यांच्या डोक्यात आला नाही.

नळी

नळी काचेची असते, मधे फुगीर, वर मानेसारखी निमुळती, आणि मानेवर आकडे. ॲसिड दुधातलं बाकी सगळं जाळतं आणि स्निग्ध तेवढं वर ठेवतं. ते मानेत चढतं. जिथपर्यंत चढलं तो आकडा लिहायचा. हलवताना नळी हातात पोळते, इतकी तापते.

आधीच्या टेस्टरनं कालिंदीला हे एका दुपारी दाखवलं. त्याची वळकटी बांधून तयार होती. कोल्हापूरची एसटी येईपर्यंत तो शिकवत होता. एसटी आली.

शनिवारी ती घरी यायची. तिच्या साडीला धुराचा वास असायचा.

"लई पाऊस हाय व्हय?" नृसिंहनं विचारलं.

"तिथं पाऊस पडत न्हाय, भावजी. ऱ्हातो." तिनं पिशवीतून ओले कपडे काढून दोरीवर टाकले. "रबरी बुचं पण ओलीच असत्यात. निसटत्यात. नवी मागितल्यात."

"मी बोलतो स्टोअरला."

"बोला."

तो बोलला. स्टोअरकीपरनं मान हलवली.

तात्यांना दुपारी शेजारच्या चिमणाबाई भरवायच्या. त्या चांगल्या होत्या, पण त्यांना घाई असायची. तात्या घास गालात धरून बसायचे, आणि नृसिंह संध्याकाळी आला की तो घास बोटानं काढून टाकायचा. जुलै संपेतोवर तात्यांच्या मनगटातलं घड्याळ कोपरापर्यंत चढू लागलं.

ऑगस्टमध्ये एका सकाळी वीज नव्हती. केंद्राच्या खोलीत धुकं आत आलं होतं. आतलं नीट मिसळलं का ते दिसावं म्हणून खिडकीच्या उजेडाकडं वळून, कालिंदी नळी डोळ्यांजवळ धरून हलवत होती. बूच निसटलं.

तिची किंकाळी ऐकून कॅन उतरवणारे आत धावले. ती जमिनीवर बसली होती, दोन्ही तळवे तोंडावर. आग होतीय, आग होतीय, एवढंच म्हणत होती. बाहेर पन्हळीतून पाण्याचा जाड लोट पडत होता. पण ती सगळी दुधातली माणसं होती. भाजल्यावर, पोळल्यावर, डोळे आल्यावर थंड म्हणून दूध घालायचं हे त्यांना लहानपणापासून माहीत होतं, आणि दूध तिथंच होतं. एकानं कॅन तिरका केला, दुसऱ्यानं तिचं डोकं धरलं. थोडं थोडं, जपून, बोटांनी त्यांनी तिच्या डोळ्यांत दूध सोडलं.

वाटेत रस्त्यावर झाड पडलं होतं. जीप कोल्हापूरला पोचायला दुपार झाली.

"लगेच पाण्यानं का धुतले नाहीत?" डॉक्टरांनी विचारलं. "भरपूर पाण्यानं?"

तिच्याबरोबर आलेला माणूस अजून निथळत होता. त्याच्या पायाखाली फरशीवर पाण्याचं डबकं झालं होतं.

मोकळी जागा

त्या दहा दिवसांचं बिल नृसिंहनं वेळेवर काढलं. काढावंच लागलं. गावं थांबली होती.

गगनबावड्याच्या आकड्यांत त्या सकाळची जागा मोकळी होती. दूध आलं होतं, लिटर लिहिले होते, फॅट लिहिलेली नव्हती. यंत्र पुढं सरकेना. मोकळी जागा घ्यायची नाही, हा नियम यंत्राला नृसिंहनंच घालून दिला होता, कुणाची चूक राहू नये म्हणून.

भिंतीपलीकडून काही आवाज येत नव्हता. तिथं आता पत्रे ठेवले होते.

मग त्यानं आदल्या दिवशीचे आकडे उचलून त्या सकाळच्या जागी घातले. सहा-दोन. सहा-पाच. सात. यंत्रानं ते घेतले आणि सगळ्या जिल्ह्याची बिलं एका दमात बाहेर काढली.

भरली

डावा डोळा गेला. उजव्यानं उजेड कळतो आणि कुणी हललं तर कळतं.

संघानं तिला नोकरीत ठेवलं आहे, पण बसवायचं कुठं ते ठरलेलं नाही. ती घरी असते. तात्या भिंतीला टेकून, ती त्यांच्यासमोर. दुपारी ती त्यांना भरवते. हात चाचपत तोंडापर्यंत जातो. कधी घास हनुवटीला लागतो, आणि तात्या मान वाकवून तो शोधतात. घास आता ते गालात धरून ठेवत नाहीत.

रविवारी नृसिंह दाढी करायला बसला की ती पाण्याचा वाडगा धरते.

"बरं झालं," तात्या म्हणाले. "माझं पावणं हातात. तुझं डोळ्यात. घर पावण्यांनी भरलं."

"तुमचं पावणं बसलंय तरी, तात्या," कालिंदी म्हणाली. "माझं उठून गेलं."

तात्या हसले. हसताना त्यांचा अर्धाच ओठ वर जातो. नृसिंहनं वस्तरा बाजूला घेतला आणि हसू संपायची वाट पाहिली.

तेव्हाच हंबीरराव आले. हातात मोसंब्यांची जाळी. ते तात्यांच्या पायाशी बसले. कालिंदीशी बोलताना त्यांनी मान खाली घातली होती, आणि मग तिला तसंही दिसत नाही हे लक्षात येऊन वर केली. नवी बुचं आली, असं त्यांनी सांगितलं. सगळ्या केंद्रांवर पाठवली.

निघताना नृसिंह त्यांना दारापर्यंत सोडायला गेला. हंबीररावांनी चपला घातल्या. सवयीनं जे तोंडात होतं तेच बाहेर आलं.

"भरली का?"

"भरली, आबा."

पुण्याचा माणूस स्टँडसमोर काहीही म्हणाला असला, तरी संचालकांच्या बैठकीच्या दिवशी सांगलीच्या संघाकडं संगणकच नव्हता.